माळ्यावरचा ट्रान्झिस्टर विकताना

दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एखादा जुना ट्रान्झिस्टर खाली येतो. मोठ्या डायलचा, जाड मुठीचा, चार-सहा बँड असलेला. आजोबा त्यावर रेडिओ सिलोन लावत आणि रात्री बीबीसीच्या बातम्या ऐकत, एवढीच त्याची घरातील नोंद असते. मग कोणीतरी सांगते, की अशा वस्तूंना आता चांगली किंमत येते. ओल्या फडक्याने तो लख्ख पुसला जातो, वायर शोधून भिंतीतल्या प्लगला लावली जाते, आणि एखाद्या संग्राहकाने ज्यासाठी पैसे मोजले असते त्यातील बराचसा भाग त्या पहिल्या अर्ध्या तासातच नाहीसा होतो.

जुना शॉर्टवेव्ह रेडिओ विकू इच्छिणाऱ्यांना जाणकारांकडून मिळणारा पहिला सल्ला म्हणूनच अगदी साधा असतो. संच नेमका कोणता आहे हे कळेपर्यंत त्याला काहीही करू नये. संग्राहक पैसे देतो ते मूळ स्थितीला, सुट्या भागांच्या पूर्णतेला आणि विक्रेत्याच्या खऱ्या माहितीला. धूळ त्याला स्वतःला झटकता येते. पुसून गेलेली अक्षरे मात्र कोणालाच परत आणता येत नाहीत. प्रस्तुत प्रतिनिधीच्या आजोळी एका उत्साही नातलगाने रेडिओची डायल उघडून तिची काच आतून रॉकेलच्या बोळ्याने साफ केली होती. स्टेशनांची नावे काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात हे त्यानंतर सर्वांना कळले. रेडिओ पुढेही बरीच वर्षे वाजत राहिला. पण काटा कोठे आहे हे सांगणारे एकही अक्षर त्यावर उरले नव्हते.

झेनिथची कथा

संग्राहक नेमके काय पाहतात हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील झेनिथ कंपनीच्या ‘ट्रान्स-ओशनिक’ या मालिकेइतके चांगले उदाहरण नाही. शॉर्टवेव्ह पोर्टेबलच्या बाजारात सर्वाधिक अभ्यास झालेला हा रेडिओ आहे. शिकागोच्या या कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडोनाल्ड हे हौशी दर्यावर्दी होते. १९२५ च्या मॅकमिलन यांच्या आर्क्टिक मोहिमेत शॉर्टवेव्हची उपयुक्तता त्यांनी प्रत्यक्ष अनुभवली होती. किनाऱ्यापासून दूर, आपल्या नौकेवर दूरदेशीची केंद्रे ऐकू येतील असा हाती नेण्याजोगा रेडिओ त्यांना हवा होता. त्यातून १९४२ च्या आरंभी ‘७जी६०५ क्लिपर’ बाजारात आला. त्याची किंमत ७५ डॉलर, म्हणजे त्या काळच्या मानाने चैनीची होती. एप्रिल १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत नागरी रेडिओंचे उत्पादन थांबले. त्यामुळे हा पहिला नमुना सुमारे ३५ हजारच निघाला.

या पहिल्या नमुन्याच्या स्पीकरवरील कापडावर सुरुवातीला शिडाचे जहाज होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिका युद्धात उतरली आणि जहाजाच्या जागी बॉम्बफेकी विमान आले. म्हणून क्लिपर विकायला काढला, की संग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, ‘जहाज की विमान?’ आणि दुसरा, ‘कापड मूळचे आहे का?’ अशी कापडे नव्याने छापूनही मिळतात. नवे कापड लावलेले असण्यात गैर काही नाही. ते जुने म्हणून विकणे गैर आहे, आणि जाणकाराच्या नजरेला ते सहसा कळतेच.

युद्धानंतर १९४६ मध्ये ‘८जी००५’ आला. १९५० मध्ये जी ५००, पाठोपाठ १९५१ मध्ये एच ५००, आणि १९५४ पासून १९६२ पर्यंत ६०० ची मालिका निघाली. हे सगळे व्हॉल्व्हचे संच. १९५७ मध्ये रॉयल १००० हा ट्रान्झिस्टरचा, चकचकीत धातूच्या आवरणाचा संच आला. त्याची किंमत जवळजवळ २५० डॉलर होती. पुढे रॉयल ३००० मध्ये एफएमची भर पडली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मालिका संपली. जॉन ब्रायंट आणि हॅरोल्ड कोन्स यांनी या रेडिओवर १९९५ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोणता नमुना केव्हाचा आणि त्यात काय काय असायला हवे, हे संग्राहक त्यावरून ताडून पाहतात.

विक्रेत्याने यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. एच ५०० आणि ६०० हे मोठ्या संख्येने विकले गेलेले संच आहेत. वय सत्तर वर्षे झाले म्हणून ते दुर्मीळ ठरत नाहीत. तोच ६०० काळ्या आवरणाऐवजी खऱ्या चामड्याने मढवलेला असेल तर मागणी वाढते. तोच एच ५०० अमेरिकी लष्करासाठी ‘आर-५२०’ या नावाने बनलेला असेल, तर गोष्टच वेगळी होते. म्हणजे किंमत ठरते ती पाठीवरच्या किंवा आतल्या पट्टीवरील क्रमांकाने. विकायला काढलेल्या संचाचा मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक वाचून लिहून ठेवणे हे पहिले काम.

दुसरे काम म्हणजे संचात काय काय शाबूत आहे हे पाहणे. ट्रान्स-ओशनिकच्या व्हॉल्व्ह संचांत ‘वेव्हमॅग्नेट’ नावाचे काढता येणारे एरियल असे. रेल्वेच्या डब्यात किंवा विमानात रबरी चकत्यांच्या साहाय्याने ते खिडकीच्या काचेला चिकटवता येई. हे एरियल हरवलेले संच पुष्कळ आढळतात. एरियल जागेवर, त्याच्या रबरी चकत्या जागेवर, मूळचे नॉब, न फाटलेली मूठ, माहितीपुस्तिका, खरेदीची पावती असा संच मिळाला, की संग्राहकाचा सूर बदलतो. आपल्याकडच्या संचांबाबत आणखी एक कागद मोलाचा असतो, तो म्हणजे पोस्टाची परवाना पुस्तिका. १९८० च्या दशकात रद्द होईपर्यंत रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे आणि तो पोस्टातून घ्यावा लागे. संच त्या घरात केव्हापासून आहे याचा तो लेखी पुरावा असतो. रद्दीत जाण्यापूर्वी जुन्या फायली एकदा चाळून पाहाव्यात.

प्लगला लावण्यापूर्वी

‘चालतो का ते बघू’ हा मोह सर्वांत महागात पडतो. याचे कारण तांत्रिक असले तरी समजायला कठीण नाही. जी ५०० किंवा एच ५०० मध्ये पाच व्हॉल्व्ह असतात आणि त्यांच्या तापणाऱ्या तारा दिव्यांच्या माळेसारख्या एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात. या तारा अतिशय नाजूक, अवघ्या ५० मिलिअँपिअर प्रवाहावर चालणाऱ्या. आतील मेणकागदाचे कंडेन्सर सत्तर वर्षांत खराब झालेले असतात. त्यातला एखादा ऐन वेळी शॉर्ट झाला, की उरलेल्या व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर प्रवाह जातो आणि क्षणार्धात तार तुटते. त्या पाचांपैकी ‘१एल६’ हा व्हॉल्व्ह मोजक्याच पोर्टेबल संचांत वापरला गेला. तो आज सहजी मिळत नाही, आणि संचाच्या किमतीतील लक्षणीय वाटा एकट्या त्याचा असतो. शिवाय हे संच अमेरिकेतील ११७ व्होल्टसाठी बनलेले. आपल्याकडील २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावले, तर पुढे विकायला फारसे काही उरत नाही. अनेक संचांत ट्रान्स्फॉर्मर नसल्याने आतील धातूचा सांगाडा वीजवाहिनीशी जोडला जाऊ शकतो आणि शॉक बसण्याचा धोका असतो, हे वेगळेच. जुना सेलेनियमचा रेक्टिफायर जळाला, तर त्याचा धूरही विषारी असतो.

न लावताही बरेच कळते. व्हॉल्व्हच्या काचेच्या आत चंदेरी लेप दिसतो. तो बेरियमचा असून आत उरलेली हवा शोषण्यासाठी असतो. लेप चंदेरी असेल तर निर्वात स्थिती शाबूत आहे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. एवढे निरीक्षण छायाचित्रासह नोंदवले तरी जाणकार खरेदीदाराला पुरते. चालवून पाहायचेच असेल, तर व्हॉल्व्ह संचांवर हात बसलेल्या एखाद्या जुन्या मेकॅनिककडून कंडेन्सर तपासून घेऊनच. मात्र त्यालाही ‘सगळे नवे टाका’ असे सांगू नये. काही संग्राहकांना आतील मूळ भागही जागेवर हवे असतात. भाग बदललेच, तर काढलेले जुने एका पिशवीत घालून संचाबरोबर द्यावेत.

आपल्या घरांत सापडणारे संच

मराठी घरांतील माळ्यांवर झेनिथ क्वचितच असतो. जहाजावर नोकरीला असलेल्यांनी, आखातातून परतलेल्यांनी किंवा युरोपात शिकून आलेल्यांनी आणलेले जपानी आणि जर्मन ट्रान्झिस्टर तेथे अधिक असतात. त्यांतील काहींना जगभर चाहते आहेत. नॅशनल पॅनासॉनिकचा आरएफ-२२००, वर फिरणारे एरियल असलेला, सोनीचा आयसीएफ-५९००, १९८५ मध्ये आलेला आयसीएफ-२००१डी, जो अमेरिकेत २०१० या क्रमांकाने विकला गेला, आणि ग्रुंडिगची भारदस्त ‘सॅटेलिट’ मालिका. यांचे खरेदीदार बहुतेकदा शोभेसाठी नव्हे, ऐकण्यासाठी घेतात. त्यामुळे येथे ‘चालतो’ या शब्दाला वजन आहे.

प्रत्येकाची दुखणी ठरलेली आहेत आणि खरेदीदाराला ती ठाऊक असतात. सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू१ हा कॅसेटच्या डबीएवढा संच. त्यातील बारीक कंडेन्सर कालांतराने गळतात आणि आवाज क्षीण होतो. त्याचाच धाकटा भाऊ एसडब्ल्यू१०० घडी घालून मिटतो, आणि त्या बिजागरीतून जाणारी पट्टीसारखी वायर उघडझाप करून तुटते. २००१डीच्या एरियलजवळचा एक ट्रान्झिस्टर स्थिर विजेच्या झटक्याने जातो. तो गेला की संच चालू दिसतो, पण लांबची केंद्रे लागत नाहीत. ही माहिती विक्रेत्याने आपणहून दिली, तर पुढचा व्यवहार सोपा होतो.

कोकणपट्टी आणि मुंबईच्या दमट हवेने स्विच आणि धातूचे भाग गंजतात. सेल वर्षानुवर्षे आत राहिल्याने झालेले नुकसान तर सर्वत्र दिसते. सेलच्या कप्प्याचे छायाचित्र न देणाऱ्या विक्रेत्याकडे संग्राहक संशयाने पाहतात, ते याचमुळे. सेल गळाले असतील तर ते हातमोजे घालून काढावेत आणि खरवडणे टाळावे.

मर्फी, बुश, नेल्को, टेलेराड या भारतीय बनावटीच्या संचांचा बाजार वेगळा आहे. तो भावनेचा आणि शोभेचा आहे. मर्फीचे बाळ किंवा जुनी अक्षरे असलेली पट्टी शाबूत असेल तर किंमत येते. एरवी हे संच त्या काळी घरोघरी होते हे विसरू नये.

किंमत कशी काढावी

संकेतस्थळावर कोणीतरी पन्नास हजार मागितले म्हणजे ती किंमत झाली असे नाही. मागणारा काहीही मागू शकतो. ईबेसारख्या स्थळांवर केवळ विकल्या गेलेल्या वस्तू आणि त्यांना आलेला प्रत्यक्ष भाव पाहण्याची सोय आहे. आपल्या मॉडेलचे, आपल्यासारख्याच स्थितीतील पाच-सहा व्यवहार पाहावेत आणि त्यातील सर्वांत मोठा आकडा सोडून द्यावा. परदेशातील भावातून वाहतूक, कर आणि संकेतस्थळाचे कमिशन वजा केल्यावर उरते ते आपले. ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले असले, तरी परदेशी स्थळावर भारतातून विक्री करता येते. मात्र अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली आयातकराची सवलत ऑगस्ट २०२५ मध्ये काढून घेतली. एकुलता एक संच तिकडे पाठवण्याचे गणित त्यामुळे बरेच बिघडले आहे. पोस्टात किंवा कुरिअर कंपनीत आधी विचारूनच भाव ठरवावा. पुरातन वस्तूंच्या निर्यातीवर १९७२ च्या कायद्याने असलेली बंदी सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू आहे. हे रेडिओ तेवढे जुने नाहीत.

देशात विकायचा तर मुंबईत चोरबाजारातील मटण स्ट्रीट आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार हे सर्वांना माहीत असलेले रस्ते आहेत. तेथील दुकानदार रोख देतो, पण पुढे विकण्याची जोखीम त्याची असल्याने तो निम्म्याहूनही कमी देऊ शकतो, आणि त्यात त्याची लबाडी असते असे नाही. चित्रपट-मालिकांचे कलाविभाग आणि जुन्या धाटणीची उपाहारगृहे सजवणारेही असे संच घेतात. त्यांना बाह्यरूप पुरेसे असते, आतला व्हॉल्व्ह त्यांच्या दृष्टीने बिनमोलाचा. म्हणून बाहेरून देखणा आणि आतून मृत संच त्यांना द्यावा, तर बाहेरून फाटका पण आतून शाबूत संच हौशी दुरुस्तीवाल्याला. चांगला संच फोडून त्याचे सुटे भाग विकले तर कधी कधी अधिक पैसे येतात, हे खरे आहे. पण संग्राहकांना ते रुचत नाही, आणि प्रस्तुत प्रतिनिधीलाही नाही.

वर्णन आणि चाचणी

जाहिरातीत ‘तपासलेला नाही’ असे लिहिले, की जाणकार त्याचा अर्थ ‘तपासला, आणि चालत नाही’ असा घेतात. ट्रान्झिस्टरच्या संचात ताजे सेल घालून तपासणे बहुधा निर्धोक असते, तेव्हा ते करावे. पण कसे? शॉर्टवेव्हवरील केंद्रे आता खूपच कमी झाली आहेत. बीबीसीची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० नंतर या लहरींवरून बंद झाली. दिवसाढवळ्या सदनिकेत बसून काटा फिरवला, तर एलईडी दिवे, चार्जर आणि राउटर यांची खरखर तेवढी ऐकू येते आणि चांगला रेडिओ बिघडलेला वाटतो. संध्याकाळ झाल्यावर गच्चीवर जावे. अंधार पडल्यावर ३१, ४१ आणि ४९ मीटर पट्ट्यांत काही ना काही लागते. चीनचे आंतरराष्ट्रीय केंद्र हमखास सापडते. दिवसा १९ किंवा १६ मीटर पट्टा पाहावा. प्रत्येक बँडवर अर्धा मिनिट आवाज ऐकू येईल असे मोबाइलवर चित्रण केले, तर ‘चालू स्थितीत’ या दोन शब्दांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय घ्यावीत. समोरून, मागून, डायल जवळून, सेलचा कप्पा, क्रमांकाची पट्टी, आणि प्रत्येक तडा स्वतंत्रपणे. तडा लपवून विकलेला संच परत येतो, आणि येताना त्याला आणखी एक तडा गेलेला असतो.

दोन फसवणुकी

जुन्या रेडिओत ‘रेड मर्क्युरी’ नावाचे कोट्यवधींचे द्रव्य असते, अशी अफवा वेळोवेळी उठते. २००९ मध्ये सौदी अरेबियात शिलाई यंत्रांबाबत अशीच अफवा पसरून जुन्या यंत्रांना वेड्यासारखे भाव आले होते. असे कोणतेही द्रव्य कोणत्याही रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये नसते. ‘आधी तपासणीची फी भरा, मग कोटी घ्या’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्यावा, आणि त्या लोभाने व्हॉल्व्ह फोडू नये.

दुसरी फसवणूक रोजची आहे. ओएलएक्ससारख्या स्थळावर जाहिरात दिली, की पाच मिनिटांत एखादा ‘लष्करी अधिकारी’ घासाघीस न करता होकार देतो. संच न पाहताच पैसे पाठवतो म्हणतो आणि एक क्यूआर कोड धाडून ‘स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल’ असे सांगतो. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. खरा संग्राहक किंमत विचारण्याआधी क्रमांक विचारतो, सेलच्या कप्प्याचे छायाचित्र मागतो आणि शक्य असेल तर येऊन बघतो. त्याचे प्रश्न कटकटीचे वाटले तरी त्यावरूनच तो ओळखावा.

पाठवणी

व्यवहार ठरल्यावर संच कुरिअरने जाणार असेल, तर आतील सेल काढलेच पाहिजेत. टॉर्चचे मोठे सेल वाटेत सुटले, की ते हातोडीसारखे आतून आपटतात. दुर्बिणीसारखे उघडणारे एरियल पूर्ण मिटवून दोऱ्याने बांधावे. संच प्लास्टिकच्या फुग्यांच्या कागदात गुंडाळून एका खोक्यात, आणि ते खोके चारही बाजूंनी चार बोटे मऊ भराव राहील अशा दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवावे. नुसते वर्तमानपत्राचे बोळे वाटेत दबतात आणि संच आत हिंदकळू लागतो. बांधण्यापूर्वी अनुक्रमांकाचे आणि भरलेल्या खोक्याचे छायाचित्र घ्यावे. फुटल्याची तक्रार आलीच तर विम्यासाठी तेच कामाला येते. गिऱ्हाईक मिळाले नाही आणि संच पुन्हा माळ्यावर जाणार असेल, तर तो प्लास्टिकच्या पिशवीत न घालता सुती कापडात गुंडाळावा, आणि सेल तेव्हाही काढून ठेवावेत.